दिवाळीपर्यंत सांग : गलाईचं दुकान, चार एकर रान आणि एका घराची निवड

“दुकान चालवणार का गावाकडं येणार, दिवाळीपर्यंत काय ते सांग.”

माझा धाकटा भाऊ बापू आपल्या मुलाला हे बोलला ते मे २०२३ मधल्या एका रात्री, जेवताना. पोराच्या तोंडात घास होता, ते नुसतं मान हलवून खाली बघत राहिलं. आई भिंतीला टेकून बसली होती. भावजय भाकऱ्या थापत होती. मी वाढत होते. स्वयंपाकघरात आम्ही पाच माणसं होतो आणि विचारलं गेलं एकालाच. त्या रात्री यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

मी विट्यात तीस वर्षं शिक्षिका होते. दहावीनंतर कोणती शाखा, बारावीनंतर कुठे जायचं, असल्या प्रश्नांवर मुलांशी आणि पालकांशी बोलणं हे माझ्या कामाचाच भाग होतं. त्यामुळे भाच्याच्या त्या सहा महिन्यांच्या नोंदी मी सवयीने ठेवल्या. घरातल्या सगळ्यांना विचारून त्या इथे मांडते आहे. नावं आणि गाव गाळलं आहे, बाकी काही झाकलेलं नाही.

घर आणि धंदा

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या भागात गलाई म्हणजे काय ते कुणाला सांगावं लागत नाही. इतरांसाठी थोडं सांगते. सराफाकडे मोडीत आलेलं सोनं शुद्ध करून द्यायचं, असा हा धंदा. सोनं मुशीत वितळवतात, एक भाग सोन्याला साधारण तीन भाग चांदी मिसळतात आणि ते मिश्रण बारीक करून तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, उकळतात. चांदी आणि तांबं विरघळतं, तळाला तपकिरी भुकटी उरते. ती धुऊन पुन्हा वितळवली की शुद्ध सोनं. तेजाबात गेलेली चांदी तांब्याच्या पट्ट्या घालून परत मिळवतात. सोनारांच्या दुकानातली झाडलोटीची मातीसुद्धा विकत घेऊन तिच्यातलं सोनं काढतात. उकळताना तांबूस धूर उठतो तो नायट्रोजन डायऑक्साइडचा, थेट छातीत जाणारा. आमच्या कोरड्या पट्ट्यातली माणसं हे काम घेऊन तमिळनाडू-केरळपासून दिल्ली-आसामपर्यंत गेली. जत्रेला आणि दिवाळीला गावं भरतात, मग पुन्हा घरांना कुलपं.

आमचे वडील, आबा, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर होते. पुढच्या वर्षी एका पाहुण्याने त्यांना तमिळनाडूतल्या आपल्या दुकानात नेलं. दहा-अकरा वर्षांनी त्यांनी स्वतःचं दुकान थाटलं आणि गलाईच्या पैशातून गावात तुकड्यातुकड्याने चार एकर रान घेतलं. रान कसलं, मुरूम होता. १९८९ मध्ये आबा आजारी पडले आणि बापूला कॉलेजच्या पहिल्या वर्षातून उचलून दुकानात नेलं. तो १९ वर्षांचा होता. परत यायचंच नव्हतं, पण जाताना त्याने पुस्तकं माझ्याकडे ठेवायला दिली होती.

भाचा १९९८ चा. शाळेला तो विट्यात माझ्याकडे होता. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घे, दुकानाला उपयोगी पडेल, असं मीच सांगितलं होतं. त्याला वनस्पतीशास्त्र आवडायचं हे मला माहीत होतं. तरी मी तसं सांगितलं. दुसऱ्यांच्या मुलांना ‘तुला काय आवडतं’ असं विचारणारी बाई घरच्या मुलाच्या बाबतीत धंद्याच्या बाजूने बोलली. या प्रकरणातली पहिली चूक माझी आहे. शिकून झाल्यावर तीन वर्षं तो दुकानात होता. तमिळ अस्खलित बोलतो, टंच काढण्यात, म्हणजे सोन्याची शुद्धता ठरवण्यात, त्याचा हात बसला आहे. आणि मे २०२३ मध्ये जत्रेला आल्यावर तो पहिल्यांदा म्हणाला की त्याला गावी राहून डाळिंब लावायचं आहे.

तसं वाटण्याला कारण होतं. टेंभूचं पाणी आलं होतं. १९९६ साली मान्यता मिळालेली ही २२ टीएमसीची योजना कराड तालुक्यात टेंभूजवळ कृष्णेचं पाणी उचलते आणि टप्प्याटप्प्याने वर चढवत आमच्या माळापर्यंत आणते. १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरत आल्या. नागनाथअण्णा नायकवडींनी तेरा दुष्काळी तालुक्यांची माणसं त्यासाठी उभी केली. आबांनी ती भाषणं सुट्टीवर आले की ऐकली होती, पण आमच्या रानाच्या कडेने पाणी वाहताना बघायला ते राहिले नाहीत. २०१९ मध्ये गेले. उपसा योजनांच्या वीजबिलाचे ८१ टक्के सरकार भरतं आणि १९ टक्के शेतकऱ्याच्या पाणीपट्टीत येतात. म्हणजे हे पाणी परवडणारं होतं. ज्या कारणाने आबा गेले ते कारणच आता उरलं नव्हतं, मग नातवाने परत का येऊ नये? प्रश्न मोठा सरळ दिसत होता.

दोन रकाने

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी शाळेत करायचे तेच केलं. कागदाच्या मधोमध रेघ मारून एकीकडे ‘दुकान’, दुसरीकडे ‘रान’ असं लिहिलं आणि त्याला फायदे-तोटे लिहायला सांगितले. तासाभरात कागद भरला. दोन्ही बाजू जवळपास सारख्या. दुकानाच्या बाजूला रोख पैसा, ओळखी, वडिलांचं वय, घराण्याचं नाव. रानाच्या बाजूला पाणी, आजी, मोकळी हवा, मित्र. लग्नाचा मुद्दा दोन्हीकडे होता, कारण मुलीकडची माणसं आजकाल शेती करणाऱ्याला नाही म्हणतात आणि परमुलखात मुलगी द्यायलाही कचरतात.

तो कागद मी दोन दिवस बघत होते. त्यात खोटं काही नव्हतं, पण त्यातलं एकही वाक्य त्याचं नव्हतं. सगळी आमची वाक्यं होती, बापूची, आईची, माझी, गावाची. इतकी वर्षं मी मुलांकडून असे कागद भरून घेतले, त्यातल्या किती कागदांवर मुलं स्वतः होती, असं मनात आलं आणि फार वाईट वाटलं.

मग मी त्याला एवढंच विचारलं : “दोन्हींतलं काय सोडायला तुला जड जाईल?” त्याला उत्तर देता येईना. दुकान सोडणं म्हणजे काय हे त्याला ठाऊक होतं, तीन वर्षं तिथे काढली होती. रान सोडणं म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, कारण रान त्याने धरलंच नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीतलं रान वेगळं. माहीत असलेली एक गोष्ट आणि मनातलं एक चित्र तो एकाच तागडीत घालत होता, आणि चित्राला धूर नसतो.

म्हणून ठरलं की दिवाळीपर्यंतची मुदत विचार करण्यात घालवायची नाही. भावजयीचं माहेर आटपाडी तालुक्यातलं, तिच्या भावाची अडीच एकर भगव्या डाळिंबाची बाग. भाच्याने मृग बहार धरल्यापासून मामाकडे राहायचं, गड्यासारखं काम करायचं. बापूला हे पटलं नाही. “पाच महिने दुकानातला माणूस कमी होतोय,” म्हणाला. पण त्याने जाऊ दिलं, हेही नोंदवायला हवं.

मामाची बाग

मृग बहाराला उन्हाळ्यात बागेला ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात, मग पानगळ करून पाणी सोडतात. फळ हाताशी येतं नोव्हेंबर-डिसेंबरात. मधले सगळे महिने राखणीचे. तेल्या हा जिवाणूंमुळे होणारा रोग, पावसाळी दमट हवेत पसरतो. पानावर, फळावर तेलकट डाग, मग फळ तडकतं. मुळाशी मर रोग, खोडात भोकं पाडणारी कीड. २०२१ आणि २२ च्या अतिपावसानंतर आटपाडी-सांगोला भागात कितीतरी बागा खोडकिडीपायी उपटून टाकल्या गेल्या. मामाचीही अर्धी गेली होती. उरलेली नवी लावण.

२०२३ चा ऑगस्ट मात्र उलटा निघाला. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट तो. तेल्याचा त्रास कमी, पण पाण्याची ओढ. योजनेच्या पाण्याचं आवर्तन कधी सुटतंय याच्याशिवाय गावात दुसरं बोलणं नव्हतं. भाचा रात्री दोनला उठून वीज आली का बघायचा, ठिबकच्या नळ्या साफ करायचा, पाठीवर पंप घेऊन फवारायचा. पहिला महिना तो दर दोन दिवसांनी मला फोन करून उत्साहाने सांगायचा. दुसऱ्या महिन्यात फोन कमी झाले. तिसऱ्या महिन्यात मीच जाऊन आले.

बांधावर बसून त्याने जे सांगितलं ते मी त्याच रात्री लिहून ठेवलं. “आत्ती, मामा झाडाकडं बघतो तसं मला बघता येत नाही. त्याला पान बघून कळतं. मी पान बघतो, मला पानच दिसतं. आणि खरं सांगू? मला बाग नको होती. मला त्या मागच्या खोलीतनं बाहेर पडायचं होतं.”

मागची खोली म्हणजे दुकानामागची तेजाबाची खोली. एक खिडकी, एक जुना पंखा. तिथला धूर तो रोज गिळत होता आणि वडिलांचा खोकला रोज ऐकत होता. त्याच्या मनात ‘शेती’ या शब्दाचा अर्थ ‘ती खोली नसलेली जागा’ असा झाला होता. टंच काढायला मात्र त्याला आवडायचं. सराफ त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवतात, हे सांगताना त्याचा आवाज बदलला.

इथे थोडं थांबते. आमच्या जिल्ह्यातल्या शाळांत निवडीच्या गोष्टी सांगितल्या जातात त्या थोरांच्या. क्रांतिसिंह नाना पाटलांनी तलाठ्याची नोकरी सोडली आणि ते १९३० च्या लढ्यात उतरले, ही गोष्ट मी शेकडो मुलांना सांगितली असेन. ती खरी आहे, मोलाची आहे. पण ती ऐकून मुलांना वाटतं की निवडीच्या क्षणी दोन वाटा स्वच्छ दिसतात आणि धाडस असलं की झालं. भाच्यापाशी धाडस होतं. ‘रान’ नावाच्या वाटेला त्याने दुसऱ्याच कशाचं तरी नाव दिलं होतं, तेवढं उलगडायला तीन महिने लागले.

ज्यांना विचारलं नव्हतं

ऑगस्टमध्येच बापूचा फोन आला. डाळिंब लावायचं तर कर्ज काढावं लागणार, बँक सातबाऱ्यावरच्या सगळ्यांच्या सह्या मागणार. त्यापेक्षा, म्हणाला, “आक्का, तू हक्कसोड करून टाक. पोराचं मोकळं होईल.”

रान आबांनी स्वतः घेतलेलं. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार त्यांच्यामागे ते आई, बापू आणि मी अशा तिघांचं झालं. चार एकरांत प्रत्येकी एक एकर १३ गुंठे. वारसनोंदीत माझं नाव लागलं तेव्हा मी त्याकडे लक्षही दिलं नव्हतं. भावाच्या नावाने हक्कसोड करायला, म्हणजे आपला वाटा लिहून सोडायला, तेव्हा २०० रुपयांचा मुद्रांक लागायचा आणि दुय्यम निबंधकाकडे तासाभराचं काम. माझ्या बरोबरीच्या किती जणींनी ते केलं आहे, मोजता येणार नाही. माहेर तुटू नये म्हणून करतात. मीही ‘बरं’ म्हणाले.

फोन ठेवल्यावर माझाच प्रश्न मला आठवला. काय सोडायला जड जाईल? पोराला विचारला होता, स्वतःला विचारलाच नव्हता. मला ती जमीन कसायची नव्हती. पैसेही नको होते, पेन्शन मिळणार होती. पण आबांच्या सातबाऱ्यावर माझं नाव असणं मला सोडवत नव्हतं. ते घर माझंही आहे, एवढं सांगणारा तेवढा एकच कागद होता. आणि हक्कसोडीला परतीची वाट नाही. बाग वाळली तर पुन्हा लावता येते, दुकान तोट्यात गेलं तर भाड्याने देता येतं. ही सही मात्र मागे घेता येत नाही. जिथून परत फिरता येत नाही अशा गोष्टीला आम्ही सगळ्यांत कमी वेळ देत होतो, एक फोन आणि एक ‘बरं’.

चार दिवसांनी मी बापूला सांगितलं की हक्कसोड करणार नाही. कर्जाला संमती देईन, सहकर्जदार म्हणून सही करीन, माझा वाटा जो कसेल त्याला कसू देईन, पण नाव काढणार नाही. तो तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही. त्या तीन आठवड्यांत माझं मन किती वेळा मागे फिरलं ते सांगण्यात अर्थ नाही.

आता भावजयीविषयी. या प्रकरणातलं सगळ्यांत महत्त्वाचं पान तिचं आहे आणि ते आमच्याकडून सुटून जाणार होतं.

गणपतीला, सप्टेंबरात, ती आली आणि मुलाला बघायला म्हणून माहेरी गेली. चार दिवसांसाठी गेली ती महिनाभर राहिली. मी एकदा सकाळी सहाला बागेत पोचले तर भाचा अजून तोंड धूत होता आणि ही झाडाखाली बसून वॉटरशूट, म्हणजे बुंध्याची फाजील फूट, काढत होती, एका हाताने फांदी वाकवून, दुसऱ्या हातात कात्री. लग्न १९९७ चं. तेव्हापासून २६ वर्षं ती दुकानाच्या वरच्या दीड खोलीत राहिलेली. तिला मी इतक्या वर्षांत कधी इतकी गप्प आणि इतकी निवांत एकाच वेळी पाहिली नव्हती.

मी विचारलं, “तुला काय वाटतं गं?”

ती म्हणाली, “कशाचं, वन्सं?”

तिला खरंच कळलं नव्हतं. दुकान की रान हा प्रश्न घरात चार महिने चालला होता, पण तो तिलाही लागू आहे हे तिच्या मनात आलं नव्हतं, जसं आमच्याही आलं नव्हतं. मी फोड करून विचारलं. तू कुठे राहशील? ती बराच वेळ कात्री पुसत राहिली. मग म्हणाली, “मला हितं बरं वाटतंय. पण तिकडं त्यांचं जेवणाखाणाचं कोण बघणार?” दोन वाक्यं. पहिलं तिचं होतं, दुसरं २६ वर्षांचं. मामा झाडाकडे बघतो तसं बघणारं घरात कुणीतरी होतं, आणि आम्ही पोराला ते शिकवायला निघालो होतो.

दिवाळी

३१ ऑक्टोबरला सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात खानापूरही होता. बापूला वाटलं, प्रश्न आपोआप मिटला, आता रानाचं नाव कोण काढणार. १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन झालं. दुसऱ्या दिवशी रात्री आम्ही बसलो. या वेळी मी मुद्दाम आईलाही मधे बसवलं.

भाचा आधी बोलला. तो दुकानात परत जायला तयार होता, पण अटी होत्या. तेजाबाच्या खोलीत धूर ओढून पाण्यात धुऊन बाहेर सोडणारी यंत्रणा बसल्याशिवाय भट्टी पेटणार नाही. वडिलांनी त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, फक्त गल्ल्यावर बसायचं. टंच काढायचं मशीन घ्यायचं. हॉलमार्क सक्तीचा झाल्यापासून, म्हणजे जून २०२१ पासून, सराफाला अचूक टंच हवाच असतो, तेच काम वाढवायचं. दोन वर्षांनी पुन्हा बसायचं, आणि तेव्हा तो नको म्हणाला तर कुणी रागवायचं नाही.

बापू म्हणाला, “तुझ्या आजानं असल्याच धुरात हे रान घेतलंय.”

पोरगं म्हणालं, “व्हय. म्हणूनच आजा बासष्टाव्या वर्षी जिना चढताना दोनदा बसायचा.”

कुणी काही बोललं नाही. मी त्या वेळी भावाकडे बघत होते आणि मला १९८९ आठवत होतं. त्याला कुणी दिवाळीपर्यंतची मुदत दिली नव्हती. आपण मुलाला सहा महिने दिले, निवडायला सांगितलं, हे त्याच्या दृष्टीने केवढं मोठं औदार्य होतं! आणि पोराने दोन्हींतलं एक न उचलता प्रश्नच बदलला, हे त्याला उपकार विसरल्यासारखं वाटत होतं. त्याचं दुखणं मला खरं वाटलं. ज्याला स्वतःला कधी निवडायला मिळालं नाही, त्याने दुसऱ्याला निवडू देणं सोपं नसतं.

मग मी भावजयीचं नाव घेतलं. ती आधी उठून आत गेली. आई तिला म्हणाली, “बस गं खाली. तुझंच चाललंय.” ती बसली आणि जमिनीकडे बघत बोलली : चार एकर एकदम नको, एकच एकर लावायचं. दुष्काळ आहे तर लावण पुढच्या जुलैत करू, तोवर खड्डे, शेणखत, ठिबक. उरलेल्यात शाळू. १४ बाय १० फुटांवर एकरी ३०० झाडं बसतात. तिच्या भावाच्या वहीप्रमाणे पहिल्या फळापर्यंत अडीच लाखांच्या घरात खर्च येतो. हे सगळं तिने कधी मांडून ठेवलं होतं, मला माहीत नाही. बापू तिच्याकडे असा बघत होता की जणू परकं माणूस बोलतंय.

ठरलं ते असं. पोरगा दुकानात, बापू गल्ल्यावर, भावजय गावी आईजवळ. एक एकर डाळिंब, कर्जावर तिघांच्या सह्या. माझा वाटा भावजय कसणार, त्याबद्दल वर्षाला एक पोतं शाळू मला.

त्यानंतर

हे सगळ्यांच्या सोयीचं झालं असं मी म्हणणार नाही. ५४ वर्षांचा माणूस आणि ४७ वर्षांची बायको वेगवेगळ्या राज्यांत राहू लागली. बापू पहिले चार महिने खानावळीत जेवला, त्याचं वजन उतरलं. भावजयीला गावात ऐकावं लागलं की नवऱ्याला सोडून रान करतीया. ती रात्री मला फोन करून विचारायची, “वन्सं, माझं चुकलं का?” मी हो किंवा नाही म्हणत नसे, विचारायचे की उद्या सकाळी उठून कुठे जावंसं वाटतं. दर वेळी उत्तर तेच यायचं. आणि आणखी एक गोष्ट मला सलते. आईचं दुखणंखुपणं आता सगळं तिच्यावर आलं. तिने रान मागितलं, घराने त्यासोबत सासूची सेवाही तिच्या पदरात टाकली, न विचारता. शनिवार-रविवार मी जाते, पण त्याने भरपाई होत नाही.

सोन्याचं म्हणाल तर मे २०२३ मध्ये १० ग्रॅमला ६० हजारांच्या आसपास भाव होता. एप्रिल २०२५ मध्ये तो लाखावर गेला. लोक मोड घालायला येऊ लागले, टंचाचं मशीन दिवसभर चालू. गावात म्हणतात, पोरगं हुशार निघालं, वेळेवर दुकान धरलं. हे मला मान्य नाही. २०२३ च्या दिवाळीत भाव कुठे जाणार हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. जुलै २०२४ मध्ये केंद्राने सोन्यावरचं आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आणलं तेव्हा भाव दोन-तीन दिवसांत हजारोंनी पडला आणि माल धरून बसलेल्यांचे हात पोळले. त्या आठवड्यात हेच गाव म्हणत होतं की रान करायला हवं होतं. भाव वर गेला म्हणून निर्णय बरोबर ठरत नाही आणि पडला म्हणून चूक ठरत नाही. त्या रात्री जे माहीत होतं ते सगळं मधे ठेवलं होतं का, आणि ज्यांचं आयुष्य बदलणार होतं ती माणसं त्या बैठकीत होती का, एवढंच मी तपासते. मे महिन्यातल्या त्या जेवणाच्या वेळी दोन्हींचं उत्तर नाही असं होतं.

जुलै २०२४ मध्ये ३०० रोपं लागली. वर्षभरात ११ मरून गेली, त्यांच्या जागी तिने नवी लावली. बहार अजून धरलेला नाही, मामा म्हणतो घाई नको.

बापू दर दोन महिन्यांनी येतो. २०२५ च्या उन्हाळ्यात आला तेव्हा त्याने मला विचारलं की लक्ष्मी मुक्ती म्हणजे काय असतं. पतीने अर्ज केला की त्याच्या हिश्श्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं, अशी ती सरकारी तरतूद, १९९२ पासूनची. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने त्या काळी हाच आग्रह गावोगाव धरला होता. मी सांगितलं. त्याने पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तो एकटाच तलाठी कार्यालयात जाऊन आला, जेवताना त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही आणि रात्रीच्या गाडीने गेला.

फेरफार मंजूर झाल्यावर मी नवा सातबारा काढून भावजयीला नेऊन दिला. तिने हात पदराला पुसले, कागद घेतला, नावं वरून खाली वाचली. आईचं, बापूचं, माझं, मग स्वतःचं. म्हणाली, “माझं नाव लिवताना वेलांटी चुकलीय, वन्सं. दुरुस्त करून मिळंल का?”

“मिळेल,” मी म्हटलं. “अर्ज करावा लागेल.”

“मग करू या,” ती म्हणाली, आणि पाण्याची पाळी होती म्हणून व्हॉल्व फिरवायला निघून गेली.